डाव्या बाजूची पिन

"वाजतंय ते ऐकलास?" अण्णांनी विचारलं.

गारगोटीच्या स्टँडवरून मला घेऊन ते घरी निघाले होते. शाळेसमोरच्या गतिरोधकावरून गाडी खाली उतरली आणि माझ्या पायाखाली कुठेतरी खट्ट असा आवाज आला.

"शॉकअप गेले असतील," मी म्हणालो.

"चाकणला जाऊन एवढंच शिकलास व्हय? शॉकअप गेला तर गाडी डोलती. ही डोलती काय? ही खटकती. बॉल जॉइंट संपलेत. दोन्हीकडचे. डावा जास्त."

बॉल जॉइंट म्हणजे पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सांधा. आपल्या खांद्यात असतो तसा वाटीत गोळा बसवलेला असतो, म्हणून चाक वरखालीही होतं आणि वळतंही. तो झिजला की खटकतो, आणि पुरता निसटला तर चाक आडवं पडतं. हे मला अण्णांनीच माझ्या दहाव्या वर्षी शिकवलेलं. एसटीच्या डेपोत ते एकतीस वर्षं फिटर होते, शेवटची नऊ वर्षं हेडफिटर. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांचे ते फिटरअण्णा.

मी त्या शनिवारी आलो होतो तो या गाडीची किल्ली त्यांच्याकडून काढून घ्यायला. उगीच आडपडदा कशाला ठेवू? आई जाऊन तीन वर्षं झाली होती, अण्णांना बहात्तरावं लागलं होतं आणि ते घरी एकटेच होते. त्यात आठवड्याला दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शेजारच्या मालनकाकूंना डायलिसिसला कोल्हापूरला घेऊन जायचे. पन्नास किलोमीटर जायचं, पन्नास यायचं. काकूंचा मुलगा सुरतेला, दुसरं कुणी नाही. महिन्याभरापूर्वी बुधवारच्या बाजारात अण्णा गाडी कुठे लावली ते विसरले आणि तासभर शोधत फिरले. पुढच्याच आठवड्यात दूध डेअरीच्या खांबाला गाडी घासली. दोन्ही गोष्टी मला फोनवर दुसऱ्यांकडून कळल्या. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार आला की माझं कामात लक्ष लागत नसे.

घरी आल्यावर चहा झाला आणि मी विषय काढला. जेवढ्या गोडीनं काढता येईल तेवढ्या गोडीनं.

"अण्णा, आता बास करा की गाडी चालवणं. माझ्याकडे चला, नाहीतर इथंच राहा, पण गाडी नको."

"आणि मालनवहिनीचं काय?"

"एखादा ड्रायव्हर लावू."

"तो पहाटे पाचला येईल? ती सुई टोचून बाहेर आली की तिला उलट्या होत्यात, ते धरील?" त्यांनी कप खाली ठेवला. कप ठेवताना त्यांचा हात थरथरला आणि मी तो बघितला हे त्यांनीही बघितलं. "तुला वाटतंय माझं डोकं चालंना."

"तसं नाही, पण..."

"तसंच हाय. बोल की सरळ. बाजारात गाडी सापडली नाही म्हणून. रंगा, त्या दिवशी बाजारात तुझ्या आईच्या आवाजासारखा कुणाचा तरी आवाज आला. त्यात गुंतलो जरा. बाकी काय नाही."

मी कप उचलून आत ठेवून आलो. मग ते म्हणाले, "हे बघ, उद्या मला जॉइंट बदलायचेतच. सामान आणून ठेवलंय. तू आपणहून हात लावायचा नाहीस, मी सांगेन तेवढंच करायचंस. सगळं झालं की चाकं चढवायच्या आधी तू तपास. कंपनीत तपासतोस तसं. एक चूक काढलीस तर किल्ली तुझी, मी तोंडातनं शब्द काढणार नाही. नाही निघाली, तर हा विषय परत काढायचा नाही. कबूल?"

चाकणला मी क्वालिटीत होतो. दुसऱ्याच्या कामातली चूक काढणं हेच माझं पोट. थरथरता हात मी नुकताच बघितला होता. मी म्हणालो, "कबूल."

रविवारी सकाळी आठला घरामागच्या परड्यात काम सुरू झालं. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढून गाडी जॅकवर उचलली आणि सांगाड्याखाली फणसाचे दोन ठोकळे दिले. अण्णांनी चाक वरखाली धरून हलवून दाखवलं. चांगलं बोटभर हलत होतं.

"बघ. अशी गाडी घेऊन मी शुक्रवारी कोल्हापूरला जाऊन आलो. हे कळलं तेव्हाच तुला फोन केला असता तर तू तेव्हाच किल्ली घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"म्हणून केला नाही," ते म्हणाले आणि हसले.

मग पुढची चाकं काढून ते गोणपाटावर आडवे झाले, आणि मला माझे लहानपणचे अण्णा दिसले. खोटं नाही सांगत, कप धरताना थरथरणारा तो हात पान्यावर गेला की थांबायचा. गंजलेल्या नटवर त्यांनी आदल्या दिवशीच डिझेल सोडून ठेवलं होतं. जुनी पिन काढली, नट सैल केला पण पुरता काढला नाही, दोन आटे ठेवले. चाक तोलणाऱ्या खालच्या दांड्याला, म्हणजे आर्मला, दुसरा जॅक लावला.

"का लावला?" त्यांनी मला विचारलं.

"सांधा सुटल्यावर आर्म झटक्यानं खाली येतो म्हणून."

"विसरला नाहीस म्हणजे."

एका बाजूनं घण टेकवून धरायला त्यांनी मला सांगितलं आणि दुसऱ्या बाजूनं हातोडीचे ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला सांधा सुटला. जुना जॉइंट हातात घेऊन त्यांनी फिरवून बघितला. तो इतका ढिला होता की नुसता हलवला तरी वाजत होता. नवा जॉइंट बसवला, चार बोल्ट लावले, वरचा खाचांचा नट आवळला. या नटच्या खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून आरपार एक स्प्लिट पिन जाते. दोन पायांची, केसातल्या आकड्यासारखी. तिचे पाय मागे वळवून ठेवले की नट काही केल्या सुटत नाही. खाच आणि भोक समोरासमोर आलं नाही तर नट आणखी थोडा आवळायचा, सैल कधीच करायचा नाही, आणि जुनी पिन पुन्हा घालायची नाही. डब्यातून नवीन पिन काढून अण्णांनी घातली आणि पकडीनं तिचे पाय वळवले.

मग ते डोळे मिटून पडले आणि म्हणाले, "ओ दे."

ही त्यांच्या डेपोची रीत. पूर्वी तिथं खड्ड्यात धड उजेड नसायचा. त्यामुळे काम झालं की खालचा माणूस डोळे मिटून एकेका नटला बोट लावायचा आणि मोठ्यानं मोजायचा, आणि वरचा माणूस तेच परत बोलून ओ द्यायचा. ओ दिली की त्या कामाची निम्मी जबाबदारी वरच्या माणसाची. पुढं लाइटी आल्या, पण अण्णांच्या हाताखालच्या माणसांनी ही रीत सोडली नाही.

"चार बोल्ट," अण्णा म्हणाले.

"चार बोल्ट."

"एक नट."

"एक नट."

"एक पिन."

"एक पिन," मी म्हणालो.

उजवी बाजू झाली. मग डावी. डावीला जास्त वेळ लागला, एक बोल्ट गंजून धरला होता. तिथंही त्यांनी डोळे मिटून मोजलं, मीही ओ दिली. चार बोल्ट, एक नट, एक पिन. सगळं संपायला साडेअकरा वाजले. अण्णा उठले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. अंगावर तेल आणि माती, पण चेहरा असा की आई गेल्यापासून मी तो बघितला नव्हता.

"मी हातपाय धुऊन येतो. तू कर तुझी तपासणी," ते म्हणाले. "अगदी सासूसारखी कर."

मी आधी उजव्या बाजूला गेलो, मग डाव्या बाजूला. बॅटरी लावून बघितलं, पान्यानं एकेक बोल्ट ताणून बघितला. आत न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि अण्णा काहीतरी गुणगुणत होते. दहाएक मिनिटांनी ते टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले.

"काय साहेब? पास?"

"अण्णा," मी म्हणालो, "डाव्या बाजूला पिन नाही."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. हसतच ते खाली बसले, मग आडवे झाले, हात आत घातला. बोट नटवरून फिरलं, भोकावर थांबलं. एकदा, दोनदा, तीनदा त्यांनी त्या भोकावरून बोट फिरवलं.

"मी मोजली होती," ते म्हणाले.

"हो."

"एक पिन म्हटलो होतो मी. तू ओ दिलास की रे."

"मला तिकडून दिसत नव्हतं अण्णा. तुम्ही म्हणालात, तुमच्या शब्दावर मी ओ दिली."

ते तसेच आडवे पडून राहिले. अंघोळ केलेले, स्वच्छ बनियन घातलेले, तसे मातीत. मग त्यांनी बोट स्वतःच्या डोळ्यांसमोर धरलं आणि बघत राहिले.

"बोटाला लागली होती रे पिन," ते म्हणाले. "मला लागलेली आठवती."

मी हातातली बॅटरी बंद केली.

"परवा मंगळवार. मालनवहिनी शेजारी बसली असती." ते उठले. उठताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. एरवी कधी धरत नसत. "तूच घाल पिन. मी नाही आता हात लावत."

मी पिन घातली, पाय वळवले, चाकं चढवली. ते पायरीवर बसून होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "बरं झालं तू आलास. आज तू नसतास तर माझ्या हातनं एका बाईचा जीव गेला असता."

त्या संध्याकाळी ते शेजारी गेले आणि मालनकाकूंना हात जोडून म्हणाले, वहिनी, माझी चूक झाली. काकूंना काही कळेचना. झालं तर काहीच नव्हतं. पण अण्णा सगळं सांगून, माफी मागून आले. काकूंसाठी मी वाघापूरचा एक ड्रायव्हर ठरवला. महिनाभरानं तो यायचा बंद झाला, मग त्या एसटीनं जायला लागल्या. गाडी गडहिंग्लजच्या एका माणसाला विकली. मंगळवार-शुक्रवारी माझं कामात लक्ष लागू लागलं.

दिवाळीला मालनकाकूंचा फोन आला. म्हणाल्या, "रंगा, एकदा येऊन जा. अण्णा गावभर फिरायला लागल्यात."

"फिरायला म्हणजे?"

"लोकांच्या दारात जाऊन सांगत्यात, मी तुमच्या गाडीचं काम केलं होतं, ते दुसऱ्या मिस्त्रीकडनं तपासून घ्या. माझ्याकडनं काय राहिलं असंल."

निवृत्त झाल्यावर अण्णा परड्यात लोकांच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, पिकअप बघून द्यायचे. त्या सगळ्यांची त्यांनी आठवून यादी केली होती आणि एकेका घरी चालत जात होते. मडिलगे, कूर, पुष्पनगर, आसपासच्या सगळ्या गावांत. लोकांनी आधी हसण्यावारी नेलं. मग काहींनी खरंच तपासून घेतलं. कुणाकडे काही निघालं नाही, पण परड्यात गाडी आणणं मात्र लोकांनी बंद केलं. जो माणूस स्वतःच सांगतो माझ्या कामाचा भरवसा नाही, त्याच्याकडे कोण गाडी देईल?

एक दिवस ते डेपोत गेले. तिथला तरुण फोरमन मला नंतर भेटला. तो म्हणाला, "तुमचे वडील आले आणि म्हणाले, माझ्या हातनं गेलेल्या गाड्यांची पुढची चाकं बघून घ्या. मी म्हटलं, अण्णा, त्यातली एक तरी गाडी आहे का आता? सगळ्या भंगारात गेल्या. ते म्हणाले, मग त्यातल्या कुणाला काय झालं होतं का, तेवढं रेकॉर्ड बघा. मी चहा पाजला आणि घरी सोडायला माणूस दिला."

आता सांगतो. बारा वर्षं झाली, कुणाला तरी सांगायलाच हवं.

पिन होती. दोन्ही बाजूंना होती. त्या दिवशी मी पान्यानं प्रत्येक बोल्ट ताणून बघितला, बॅटरीनं एकेक इंच बघितला, आणि मला चूक सापडली नाही. आयुष्यात मी हजारो कामं तपासली, इतकं चोख काम बघितलं नाही. डावी पिन तर इतकी सुबक वळवलेली की काढताना मला पकडीनं दोनदा धरावी लागली. मी तिचे पाय सरळ केले, ओढून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. आत अण्णा गुणगुणत होते. मला वाटलं, एवढीशी पिन, दोन मिनिटांचं काम आणि जन्माची काळजी मिटेल. हे त्यांच्याच भल्यासाठी आहे. चार दिवस त्यांना वाईट वाटेल, मग विसरतील. विसरतात म्हणूनच तर किल्ली काढून घ्यायला आलो होतो ना मी. असा सगळा हिशेब मी त्या दहा मिनिटांत केला. मला माझी लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, ते आडवे पडून बोट बघत होते तेव्हाच. तिथल्या तिथं सांगायचं होतं, पण किल्ली हातात आली आणि माझी जीभ उचलेना.

काकूंच्या फोननंतर मी घरी गेलो. अण्णा ओट्यावर ऊन घेत बसले होते. दाढी वाढलेली. विचारलं तर म्हणाले, "वस्तरा नको वाटतो आता हातात." न्हाव्याकडेही जायचे नाहीत. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. पिन होती, अण्णा. तुमची काही चूक नव्हती. मी काढली. मला तुमची गाडी बंद करायची होती म्हणून काढली.

मला वाटलं ते मारतील. मारायला हवं होतं. माझी तयारी होती.

ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "कुठाय?"

"काय?"

"पिन. दाखव."

"जाताना एसटीच्या खिडकीतून टाकून दिली. कोल्हापूरच्या पुढं."

ते माझ्याकडे बघून हसले. इतकं मायेचं हसू की मला ते सहन होईना.

"रंगा, तू लहानपणापासून असाच," ते म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हा मी बाहेर औषध आणायला गेलो होतो. आल्यावर तू म्हणालास, अण्णा, तिला काय त्रास झाला नाही, झोपेतच गेली. नर्सनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, ती शेवटपर्यंत माझं नाव घेऊन ओरडत होती. तुला मी काय बोललो नाही. पोरगं बापाला बरं वाटावं म्हणून बोललं, बोलू दे म्हटलं."

"ते खोटं होतं अण्णा. पण हे खरं आहे. आईची शपथ."

"शपथ नको घेऊस." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "माझा मुलगा असलं करणार नाही. माझी चूक झाली, ती मला माझ्याजवळ ठेवू दे. तू नको अंगावर घेऊस."

मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं, रडून सांगितलं, चिडून सांगितलं. दर वेळी ते माझ्या पाठीवरून हात फिरवायचे आणि "बरं, बरं" म्हणायचे. त्यानंतर ते आणखी चौदा महिने होते. दर सुट्टीला मी जायचो आणि दर सुट्टीला सांगायचो. शेवटी शेवटी ते मालनकाकूंना अभिमानानं सांगायला लागले, बघा वहिनी, बापाची चूक स्वतःच्या माथी मारून घेतोय, असलं पोरगं मिळायला पुण्याई लागते.

पहिल्यांदा सगळं सांगितलं त्या दिवशी, रात्री जेवणं झाल्यावर मी भांडी आवरून बाहेर आलो. अण्णा अंथरुणावर बसून होते, पडले नव्हते.

"रंगा, शेगडी बंद हाय काय बघ जरा," ते म्हणाले. "मी केलीय. पण बघ."

मी आत जाऊन बघून आलो. बंद होती.

"बंद आहे, अण्णा."

"हात लावून बघितलास?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग अवघडल्यासारखे म्हणाले, "आणि एकदा बघतोस काय?"